लाकूड मागं ओढ

मंद आच हवी असेल तर हवा तोडू नये, लाकूड कमी करावं. मला सांगायचं आहे ते एवढंच. ही एक ओळ लिहून थांबता आलं असतं, पण ती शिकायला आमच्या घराला चार किलो चोरीस, मामाच्या उजव्या हातावरचे केस आणि एक अख्खी रात्र द्यावी लागली. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

विषय आहे पेलेट ग्रिलच्या पंख्याचा. आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात कविता येतात, पुस्तकांवर लिहिलं जातं, सीमाभागातल्या मराठीची काळजी केली जाते. पंख्यावर कुणी लिहिलेलं मला तरी आठवत नाही. एक मैत्रीण म्हणालीसुद्धा, "अगं, हे सायन्सवाल्यांना दे की!" पण सायन्सवाले यात आजीला घेणार नाहीत, आणि आजीला बाजूला ठेवून मला हा पंखा समजलाच नसता.

माझा मामा अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या सेलम शहरात राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आजी गेली तेव्हा त्याचे कागद अडकलेले होते. निघाला असता तर परत जाता आलं नसतं. आईची माती त्यानं मोबाईलवर पाहिली. यंदा वर्षाच्या मिस्साच्या दिवशी तरी आईच्या पद्धतीचं काहीतरी टेबलावर असावं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आईच्या पद्धतीचं म्हणजे चोरीस. गोव्याकडून इकडं आलेल्या आमच्यासारख्या कॅथलिक घरांत ते पावसाळ्याआधी करून ठेवायची रीत आहे. डुकराचं मांस, मीठ, लाल मिरची, लसूण, मसाला, माडाचं व्हिनेगर. ते मुरलं की आतड्यात भरायचं, दोऱ्यानं गाठी मारायच्या, आणि उन्हात नि चुलीच्या धुरात वाळवायचं. सुट्टीत मी मामाकडं गेले ती आजीची वही आणि घरची मिरची बॅगेत घालूनच.

धुरासाठी मामानं एक वापरलेलं पेलेट ग्रिल विकत घेऊन ठेवलं होतं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी पिंप आडवं ठेवावं तसा एक डबा, त्याला झाकण, एक धुराडं आणि बाजूला एक पेटी. पेटीत पेलेट भरायचे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या बारीक तुकड्यांसारख्या कांड्या. पेटीच्या तळाशी मोटरवर फिरणारा एक लांब स्क्रू असतो. तो या कांड्या ढकलत ढकलत डब्याच्या तळातल्या एका वाटीत आणून टाकतो. वाटीत एक तापणारी सळई असते, ती कांड्या पेटवते. आणि एक छोटा पंखा वाटीच्या भोकांतून सतत हवा फुंकत राहतो. वर लोखंडी पत्रा, पत्र्यावर जाळी, जाळीवर मांस. डब्यातलं तापमान मोजायला आत एक काडी बसवलेली असते. तिच्या सांगण्यावरून कंट्रोलर ठरवतो की स्क्रू किती वेळ फिरवायचा. विजेवर चालतं, पण शिजवते ती लाकडाची आगच.

हे यंत्र त्याच भागात जन्मलं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. सेलमपासून जवळच माउंट एंजल नावाचं छोटं गाव आहे. स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गहून आलेल्या बेनेडिक्टाइन संन्याशांनी १८८२ मध्ये स्थापन केलेला मठ तिथं आहे. मठाच्या ग्रंथालयाची इमारत फिनलंडचे वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांची, १९७० ची. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी हट्टानं ते ग्रंथालय बघायला गेले, आणि गाडीत मामा म्हणाला, "आपलं ग्रिल पण ह्याच गावचं." खरंच तसं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर माउंट एंजलच्या जो ट्रेगर यांनी कांड्यांवर चालणाऱ्या शेगडीची कल्पना स्वयंपाकाकडं वळवली. पुढं त्यांना त्याचं पेटंट मिळालं, आणि २००६ मध्ये त्याची मुदत संपल्यावर इतरांची ग्रिलं बाजारात आली.

आता मुद्द्याकडं येते. या ग्रिलवर मांस तासन्‌तास हळू शिजवायचं तर तिकडचे लोक २२५ फॅरनहाइट लावतात, म्हणजे आपले १०७ सेल्सिअस. धुरासाठी असलेली सगळ्यात खालची खूण बऱ्याच यंत्रांत ७० ते ८२ अंशांच्या आसपास असते. आजीचं चोरीस एवढं कधी तापलंच नव्हतं. ते चुलीच्या बरंच वर, आडव्या काठीला टांगलेलं असायचं. हात लावला तर कोमट. ७०-८० अंशांत ते तासन्‌तास ठेवलं तर चरबी वितळून गळते, आतडं सुरकुततं, आणि जे उरतं ते शिजलेलं सॉसेज. खायला वाईट नाही, पण ते चोरीस नाही.

दुसरी अडचण धुराची. कांड्या सुक्या, एकसारख्या, वर पंख्याची हवा. जळण इतकं स्वच्छ होतं की धुराड्यातून जेमतेम एक निळसर रेघ निघत होती. मामा वैतागला. "बाय, धूर कुठाय गे?"

म्हणजे तक्रारी दोन: तापमान जास्त आणि धूर कमी. दोन्हींवर एकच उत्तर समोर फिरत होतं, पंखा. त्याची हवा कमी केली की आग मंदावेल आणि धूरही वाढेल. कुणालाही हेच सुचेल. मला सुचलं, आणि मी ते मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. पेटीच्या खालच्या अंगाला पंख्यानं हवा ओढायची जाळी होती. तिचा दोन-तृतीयांश भाग आम्ही ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून बंद केला.

दहा मिनिटांत धूर आला. काय धूर! पांढरा, दाट, पिंजलेल्या कापसासारखा. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आजीची चूल पेटली." तापमान उतरत होतं. ७०, ६०, ५२. आम्ही एकमेकांना टाळी दिली.

आग मंद झालेली नव्हती, ती गुदमरत होती, आणि ते आम्हाला दिसत नव्हतं. कंट्रोलरलाही गुदमरणं कळत नाही. त्याला एवढंच कळतं की डबा थंड होतोय. म्हणून तो स्क्रू आणखी आणखी फिरवत राहिला. वाटी भरून कांड्या बाहेर सांडल्या. त्या पेटत नव्हत्या, नुसत्या धुमसत होत्या, आणि न जळलेल्या वायूंनी डबा भरत चालला होता. पाऊण तासानं मामानं "बघू तरी" म्हणून झाकण उचललं. बाहेरची हवा आत शिरली आणि भक्‌कन जाळ वर आला.

मामाच्या हातावरचे केस जळाले. त्याहून जास्त काही झालं नाही, देवाची कृपा. चोरीस मात्र गेलं. वरून काळपट नि चिकट. चव बघितली तर डांबरासारखं कडू, जीभ बधिर करणारं. निम्म्याहून जास्त मिरची त्यातच संपलेली. मामा मागच्या पायरीवर जाऊन बसला. बोलला काही नाही. मी शेजारी उभी राहिले. चिकटपट्टीचा रोल अजून माझ्या हातात होता.

तिकडं रात्र झाली होती, म्हणजे बेळगावात सकाळ. घड्याळात साडेबारा तासांचं अंतर. मी पप्पांना फोन लावला. पप्पा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. मांसाला धूर कसा देतात ते त्यांना माहीत नाही, पण आग माहीत आहे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आच कमी करताना आधी काय कमी केलंत?"

"हवा."

"मग दुसरं काय होणार? उलटं केलंत की. आच वाढवायची तर आधी हवा, मागनं बगॅस. कमी करायची तर आधी बगॅस, मागनं हवा. हवा कायम एक पाऊल पुढं पाहिजे. ती मागं पडली की आत वायू साठतो, आणि मग दार उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो."

हा नियम पप्पांचा एकट्याचा नाही. मोठ्या बॉयलरच्या नियंत्रणातच तो बांधलेला असतो, इंधनाला हवेच्या पुढं जाऊ द्यायचं नाही म्हणून. एकवीस वर्षं मी या माणसाच्या घरात राहिले आणि "तुम्ही ड्यूटीवर नेमकं काय करता?" असं त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यासाठी ओरेगनला जाऊन चोरीस जाळावं लागलं.

फोन ठेवला आणि मला आजीची चूल आठवली. खानापूर तालुक्यातलं तिचं घर, चुलीच्या तोंडात काजूची नाहीतर जांभळाची फाटी, वर काठीला चोरीस. चोरीस टांगलेलं असलं की जाळ लहान ठेवावा लागायचा. मी सातवी-आठवीत असेन. मदत करायची म्हणून चुलीच्या तोंडाला पत्र्याचा तुकडा आडवा लावायला गेले. आजी खेकसली, "तोंड बंद करू नको गे! लाकूड मागं ओढ." आणि तिनं स्वतःच ते लाकूड वीतभर बाहेर ओढलं. जाळ लहान झाला. मग फुंकणी घेऊन दोनच फुंका. लहान जाळ, पण उजळ.

फुंकणी हा आजीचा पंखा होता, आणि लाकूड आत-बाहेर करणारा तिचा हात म्हणजे तो स्क्रू. तिनं सांगितलेलं पप्पांच्या नियमाशी अक्षरशः जुळतं. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, बॉयलर तिनं आयुष्यात बघितला नव्हता. मी ते वाक्य ऐकलं होतं, आणि चिकटपट्टी कापताना ते मला आठवलं नाही.

आता धुराबद्दल, कारण माझं खरं भांडण तिथं आहे. लाकूड तापलं की त्यातून आधी वायू आणि वाफा सुटतात. त्यांना पुरेशी हवा नि उष्णता मिळाली की त्या जळतात, तोच जाळ. काही न जळता निसटतात; तोच धूर. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होतात, आणि ज्याला आपण धुराचा वास म्हणतो तो बराचसा त्यांचा. म्हणजे थोडा धूर हवाच. पण हवा तोडली की अर्धवट जळालेलं सगळंच बाहेर पडतं: डांबराचे थेंब, काजळी, जिभेला झोंबणाऱ्या वाफा. हे थेंब मोठे असतात, म्हणून तो धूर पांढरा नि दाट दिसतो. आग नीट श्वास घेत असेल तर उरलेले कण इतके बारीक असतात की त्यांच्यावरून निळा प्रकाश जास्त विखुरतो, आभाळाचं होतं तसंच. म्हणून जाणकार माणसं धुराड्यातून निघणारा पातळ, निळसर धूर शोधतात. मामाला पहिल्या दिवशी जी रेघ अपुरी वाटली होती तीच बरोबर होती. फोटोत छान दिसतो तो धूर मांसाला चालत नाही.

आणि माणसालाही चालत नाही. आपण हल्ली चुलीच्या धुराचं फार कौतुक करतो. हायवेवर "चुलीवरचं मटण" अशा पाट्या दिसल्या की गाडी थांबवतो. मीही थांबवते. पण आजी शेवटची काही वर्षं रात्र-रात्र खोकायची. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणी विडी ओढायचं का?" घरात चूल होती. पावसाळ्यात फाटी ओली, स्वयंपाकघराला धुराडं नाही, दार पावसानं बंद. ओलं लाकूड आणि कोंडलेली हवा, म्हणजे पुन्हा तोच पांढरा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुरापायी जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. ज्या धुराचा फोटो मी "आजीची चूल पेटली" म्हणून ग्रुपवर टाकला, त्याच धुरानं आजीची छाती खाल्ली होती. त्या फोटोखाली आईनं काही लिहिलं नाही. का, ते मला त्या रात्री कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मंद आणि गुदमरलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या काही वेळ सारख्याच दिसतात. दोन्हींत आकडा खाली येतो. फरक कळतो तो धुराच्या रंगावरून आणि झाकण उघडल्यावर.

ज्यांच्या घरी किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडं असं ग्रिल आहे त्यांच्यासाठी, आम्ही पुढं काय केलं ते सांगते. आधी चिकटपट्टी काढली. मग ग्रिल पूर्ण थंड झाल्यावर वाटीतली राख काढली, कारण राखेनं भोकं बुजली की पंखा कितीही फिरला तरी हवा पोचत नाही. पंख्याच्या जाळीवरचा कचरा झाडला. पेटीतल्या जुन्या कांड्या टाकून दिल्या. ओरेगनच्या पावसाळी हवेत त्या दमट होऊन फुगतात, बोटानं दाबलं की भुसा होतो. एवढ्यानंच आग अर्धी सुधारली.

मग लाकूड मागं ओढलं. मामाच्या जुन्या कंट्रोलरवर 'पी' नावाचा आकडा होता. पी-२ वर स्क्रू १५ सेकंद फिरतो आणि ६५ सेकंद थांबतो. पुढच्या प्रत्येक आकड्याला थांबण्याचे १० सेकंद वाढतात. हेच ते वीतभर मागं ओढणं. बाहेर थंडी आणि वारा किती आहे ते बघून एकेक आकडा वाढवायचा, आणि मध्ये निदान अर्धा तास धीर धरायचा. फार ताणलं तर कांडी पोचायच्या आत आग विझते. धुराड्याची टोपी घट्ट बसवायची नाही. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी.

पंखा कधीच कमी करू नये असं मी म्हणत नाही. लहान जाळावर पूर्ण वेगाची हवा सोडली तर तो भराभर जळून संपतो, राख उडून मांसावर बसते, मांस वरून सुकतं. नव्या काही ग्रिलांत डीसी पंखा असतो, त्याचा वेग कंट्रोलर कांड्यांच्या प्रमाणात कमी-जास्त करतो. काहींत जास्त धुरासाठी पंखा थोडा वेळ थांबवून, आग विझायच्या आत परत सुरू करतात. हे चालतं, कारण तिथं कुणीतरी हिशेब ठेवून असतं. आमच्या चिकटपट्टीला हिशेब नव्हता. पंख्याला हात लावायचाच असेल तर लाकडाच्या नंतर, आणि थोडाच.

आणि कधी पांढरा धूर वाढत जाऊन तापमान घसरू लागलं, तर झाकण उघडायचं नाही. यंत्र बंद करायचं, प्लग काढायचा, सगळं थंड होईपर्यंत थांबायचं, वाटी रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. आम्ही याच्या नेमकं उलट केलं होतं.

एवढं करूनही ग्रिल ७० अंशांच्या फार खाली जाईना. तेव्हा मामीनं जे सांगितलं ते सगळ्यात शहाणपणाचं होतं. "त्याला जमत नाही ते त्याच्याकडनं कशाला करून घेता?" खरंच होतं ते. शिवाय त्यात धोकाही होता. मांसात जंतू वाढतात ते साधारण ४ ते ६० अंशांच्या मधे. आग गुदमरवून डबा ४०-५० अंशांवर तासन्‌तास ठेवणं म्हणजे जंतूंना हवं तसं घर बांधून देणं. एकतर नीट गरम, नाहीतर नीट थंड, मधलं नको.

आम्ही थंड निवडलं. ग्रिल पेटवलंच नाही. भोकं पाडलेली एक स्टीलची नळी मिळते, तिच्यात कांड्या भरून एका टोकाला पेटवल्या आणि ज्योत विझवून नुसतं धुमसत ठेवलं. डबा फक्त खोली म्हणून वापरला. झाकणाच्या फटीतून आणि धुराड्यातून हवा आपली आपण फिरत होती. पातळ धूर, उष्णता जवळजवळ नाही. बाहेर रात्री सात-आठ अंश, त्यामुळं मांस थंडच राहिलं. अडीच किलोचं चोरीस, तीन रात्री, रोज दोन-अडीच तास, मधल्या वेळात फ्रिजमध्ये. मांसात मामानं त्या वेळी मापून गुलाबी मीठ घातलं होतं: ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेलं, एक किलोला अडीच ग्रॅम. कच्च्या सॉसेजला थंड धूर देताना बॉट्युलिझमचा धोका असतो, म्हणून यात अंदाजपंचे चालत नाही. आणि खाताना ते पूर्ण शिजवूनच खायचं. माडाचं व्हिनेगर तिथं मिळालं नाही, सफरचंदाचं वापरलं. मिरची कमी पडली ती पडलीच.

पहिल्या रात्रीची एक गोष्ट राहिली, ती सांगायला हवी. मामा पायरीवर बसला होता तेव्हा मी पप्पांचं बोलणं त्याला सांगितलं, मग आजीचं ते वाक्य सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही कुणी वर्षभर आईचं नाव काढलं नाहीत माझ्यासमोर."

ते खरं होतं. तो लांब आहे, त्याला येता आलं नाही, उगाच त्रास नको, म्हणून आम्ही घरी सगळ्यांनी ठरवल्यासारखं केलं होतं. फोनवर पाऊस, काम, माझी परीक्षा एवढंच. आजीचा विषय निघाला की कुणीतरी वळवायचं. आम्हाला वाटलं, बोललं नाही की दुःख आपोआप मंद होईल. मामाही शांत दिसायचा. त्या रात्री तो तीन तास बोलला. आजीनं त्याला कसं मारलं होतं, कसं शिकवलं, शेवटच्या फोनवर काय म्हणाली. मी फक्त ऐकत होते. मामी मध्ये एकदा चहा ठेवून गेली.

मला वाटतं, आपण हे सगळीकडं करतो. घरात कुणी पेटून बोलू लागलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं किती आहे ते बघत नाही. आधी तोंड बंद करतो आणि शांतता झाली म्हणून टाळी देतो. वर्गातही असंच होतं, मित्र-मैत्रिणींतही. ओझं कमी करणं कष्टाचं असतं. हवा तोडणं सोपं असतं, एक चिकटपट्टी पुरते. पण आत काय साठतंय ते आकड्यात दिसत नाही.

वर्षाच्या मिस्सानंतर घरी आठ-दहा माणसं जेवायला होती. चोरीस कांद्या-बटाट्याबरोबर शिजवलं होतं, सोबत पाव. आजीच्या चोरिसासारखं ते हुबेहूब लागलं असं मी म्हणणार नाही. रंग फिका होता, व्हिनेगरची आंबट चव वेगळी होती. पण धूर बरोबर होता. मामानं पहिला घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "आईचंच आहे गे. फक्त ह्यात तिचा खोकला नाही."

मग त्यानं फोन काढला, बेळगावला व्हिडिओ कॉल लावला आणि ताट आईला दाखवलं. या वेळी कुणी विषय वळवला नाही.